वॉर्सात इस्तो कुठी भेटन?

मी हरवलो नव्हतो. हे पहिलेच सांगून ठेवतो, कारण आमच्या मोहबोडीत कोनीही उठते अन् आलेल्या पाहुण्याले सांगते, "हे आमचे गुणवंतराव मास्तर. फॉरेनात हरवले होते." हरवले होते म्हणे! जसं का मी जत्रेतलं लेकरू. मी माह्या जाग्यावर होतो, ते शहर जाग्यावर नव्हतं. हे कसं, ते आयकायचं असन तर बसा, नाई तर आपल्या वाटेनं जा. मले काई सांगायची हौस नाई.

पंचावन सालची गोष्ट. पोलंड देशाची राजधानी वॉर्सा, तिथी साऱ्या जगातल्या जवान पोट्ट्या-पोट्टींचा मेळावा होता. नागपूरच्या एका मंडळानं आपल्याकडचं नाचाचं एक पथक धाडायचं ठरवलं. निवड आमची झाली नव्हती, खोटं कायले बोलू. निवड दुसऱ्या गावची झाली होती. पन बोटीत बसून बारा-पंधरा दिवस पाण्यावर राहा लागते हे आयकलं अन् ते लोक जे जंगलात शिरले, ते मंडळाचा माणूस परत जाईपर्यंत निघालेच नाई. मंग आमचं नाव लागलं. पोचू मडावी ढोलावर, त्याची बायको रुखमा गाण्यात पुढं, अन् मागं नाचाले सहा जण. नववा मी. मले नाचता येत नाई, गाता येत नाई. मले मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी येते, म्हणून मी म्होरक्या.

पंचाईत अशी का, जायचं होतं ऐन धानाच्या रोवणीत. रोपाचे पऱ्हे तयार, शेताच्या बांधीत पाणी भरलेलं, अन् गावातले नऊ हात निघून जाऊन राह्यले. बैठक बसली. कोनी म्हणे जाऊ नका, कोनी म्हणे पोट फॉरेनानं भरत नाई. मंग गुणाबाई उठली. रोवणीत बायांच्या रांगेची पुढारी तीच, तिच्यापुढं पाटीलही बोलत नाई. म्हणे, "मास्तर, ढोल किती वेळ वाजवू देतात तिथी?" मी पत्र वाचून सांगितलं, वीस मिनिटं. ती म्हणे, "मंग जा तुमी. आमच्या झाल्या का तुमच्या आठही घरच्या बांध्या आमी रोवतो. तुमच्यापायी दहा दिवस चिखलात आमी वाकतो. पन ते वीस मिनिटं पुरे वाजवून या. आमाले दुसरं काई नको." झालं. एवढंच लागलं होतं पाहा आमच्या मागं. टोंगळाभर चिखलात अख्खं गाव उभं, अन् बदल्यात वीस मिनिटं ढोल.

वॉर्सात आमाले एका शाळेत उतरवलं. शाळा पाहून मले रडू आलं. वर्गात बाक असे, का आमच्या तहसीलदाराच्या घरी नसतीन. आमचा नंबर होता बुधवारी, चार वाजता, एका बागेत. तिथी तळ्याच्या मधात मंच, अन् लोक अल्याड पायऱ्यांवर बसतात. मंगळवारी आमी तिथी सराव करून पाह्यला. दिवसभर झिमझिम पाऊस, वरून तळ्याची ओल. पोचूनं ढोलावर थाप मारली तर आवाज आला, भद्द. त्यानं दुसऱ्या बाजूनं मारली. भद्द. त्यानं ढोलाकडे पाह्यलं, मंग माह्याकडे पाह्यलं, जसं का मीच त्याच्यावर पाणी ओतलं.

"मास्तर," तो म्हणे, "इस्तो पायजे."

आमच्याकडे ढोल शेकल्याशिवाय वाजत नाई. काडीकचरा पेटवायचा, इस्तो झाला का ढोल त्याच्यावर धरून फिरवत राहायचा, बोटानं टिचकी मारून पाहत राहायचं. चामडं ताणलं का आवाज मोकळा होते. बिनशेकल्या ढोलावर पोचूच्या बापानं कधी हात टाकला नाई अन् पोचूही टाकत नाई. हे त्यानं मले तिथी उभ्या उभ्या तीनदा सांगितलं.

बुधवारी सकाळी आमी दोघं इस्तो शोधायले निघालो. आमाले एक दुभाष्या पोट्टा दिला होता, पन त्याची दाढ सुजली, तो दवाखान्यात गेला. मी म्हणलं, जाऊ दे, मी आहो ना. पहिले शाळेच्या स्वैपाकघरात गेलो. तिथी एक धिप्पाड बाई, पांढरी टोपी घातलेली. मी तिले हातानं सारं समजावून सांगितलं. हा ढोल, ही आग, अन् हे असं फिरवायचं. तिनं ढोल पाह्यला. मंग आपल्या साऱ्यात मोठ्या गंजाकडे पाह्यलं. मंग गंजावरचं झाकण आणून ढोलावर ठेवलं अन् मान हालवली, का मावत नाई. तिले वाटलं आमी ढोल शिजवायले आणला. तिनं आमाले दोन-दोन उकडलेले अंडे दिले अन् दार लावून घेतलं.

निघताना साऱ्यांचे कार्यक्रमाचे पास मी रुखमाबाईजवळ दिले. तिच्या पदराच्या गाठीतून आजवर काई हरवलं नाई. ती बाकीच्यांसंग दुपारी मोटारीनं बागेत जाणार होती. ती म्हणे, "मास्तर, चारच्या आत या. नाई आले तर मंग माह्यासंग बोलू नका."

"रुखमाबाई," मी म्हणलं, "मले सारं शहर पाठ आहे."

अन् पाठ होतंच. आल्यापासून तीन दिवस मी एक वही घेऊन फिरलो होतो. जिथी वळलो तिथी खूण लिहिली. इटांचा ढीग, डावीकडे. लाल क्रेन, उजवीकडे. दोन मजली बिनछपराची इमारत, सरळ. आता सांगा, यात चूक काय आहे? चूक शहराची होती. लढाईत ते सारं पडलं होतं अन् आता लोक ते पुन्हा बांधून राह्यले होते, दिवसपाळी अन् रातपाळी. सोमवारी लिहिलेल्या इटा बुधवारी भिंतीत गेलेल्या. क्रेन रस्त्याच्या या बाजूची त्या बाजूले. दोन मजली इमारत तीन मजली झालेली, अन् तिच्या खिडकीत एक बाई पडदा लावून राह्यली होती. एक महाल मात्र भलता उंच होता, नवा कोरा, कुठूनही दिसे. पन तो चारी बाजूनं सारखाच. इकडून पाहा, तिकडून पाहा, तोच तो. त्यापेक्षा आमच्या गावचं वाकडं मोहाचं झाड बरं, कोन्या बाजूनं वाकलं ते पाहून दिशा तरी समजते.

ट्रामगाडीत आमाले ढोलासंग घेतलं नाई. गाडीत मुंगीले जागा नव्हती, त्यांचंही चूक नाई. म्हणून पायदळ निघालो. पोचूच्या गळ्यात घोंगड्यात गुंडाळलेला ढोल, माह्या हातात वही. इस्तो कुठीच नाई. एवढं मोठं शहर, लाखो लोक जेवतात-खातात, अन् रस्त्यावर एक चूल नाई. अकरा वाजले, बारा वाजले. मंग पोचू एका चौकात थांबला, नाक वर केलं, अन् मले न इचारता एका बोळीत शिरला. बोळीच्या टोकाले चार-पाच मजूर रस्त्यावर डांबर ओतून राह्यले होते. भलं मोठं पिंप, खाली लाकडं धडधड पेटलेली.

तिथी काई समजावा लागलं नाई. पोचूनं ढोल दाखवला, टिचकी मारली, भद्द. त्यातला एक म्हातारा मजूर हसला, त्यानं फावड्यानं इस्तो बाजूले ओढून दिला अन् बसायले फळी दिली. पोचूनं त्याले आपली मोहबोडीची बिडी दिली. म्हाताऱ्यानं एक झुरका मारला अन् असा खोकलला का डोळ्यात पाणी आलं, पन फेकली नाई, पुरी ओढली. तास-दीड तास ढोल शेकला. कधी पोचू फिरवे, कधी तो म्हातारा फिरवे. मंग एका टिचकीले आवाज आला, टण्. सारे मजूर एका दमात काईतरी बोलले. मी घड्याळ पाह्यलं. हे घड्याळ माह्या साळ्याचं, मिनिटाले मिनिट चालणारं. दोनले दहा कमी होते. बाग तिथून पाऊण तासाची वाट. म्हणलं, झालं, आता काय.

मी वही काढली, अन् तिथून सारा जांगडगुत्ता सुरू झाला.

पहिल्याच वळणाले पोचू थांबला. भिंतीवर एक करडा दगड बसवलेला, त्याच्यावर अक्षरं कोरलेली, खाली फुलं ठेवलेली अन् काचेत एक दिवा लागलेला, दिवसाढवळ्या. पोचूनं पाह्यलं अन् म्हणलं, "मास्तर, इथी वाघानं मानूस मारला काय?"

आता हे तुमाले सांगावं लागन, तुमी शहरातले असान तर. आमच्याकडे जंगलात जिथी वाघानं माणूस नेला, त्या जागी येणारा-जाणारा एक गोटा ठेवते, नाई तर हिरवी डगाळी. ढीग वाढत जाते. मेलेल्याचा जीव तिथी अडकला असते, त्याले वाटते का कोनी आपल्याले इसरलं नाई. अन् न ठेवता पुढं गेलं तर त्याले चकवा लागते. तोच रस्ता, तोच रस्ता, माणूस गोल फिरत राहते. हे मी सांगून नाई राह्यलो, हे तिकडचे लोक सांगतात. मी शाळेत पोट्ट्याईले शिकवतो का चकवा-बिकवा काई नसते.

"अरे बह्याडा," मी म्हणलं, "राजधानीत वाघ कुठून येईन?"

"मंग हे फुलं कायले?"

मले काय मालूम! पन मास्तर माणसानं मालूम नाई म्हणायचं नसते. मी म्हणलं, दुकानाची पाटी असन, चल. तो नाई चालला. त्यानं गळ्यातला ढोल उतरवला, रस्त्यावरचा इटेचा एक तुकडा उचलला, फुलाईजवळ ठेवला, हात जोडले, पुन्हा ढोल गळ्यात घातला. दीड मिनिट गेलं. मी घड्याळावर पाह्यलं ना.

पुढच्या चौकात तसाच दगड. तिसऱ्या गल्लीत आणखी एक. त्या शहरात दर चार भिंतीआड तसा दगड, अन् दर दगडापाशी पोचू ढोल उतरवे. मले असा राग आला का सांगता सोय नाई. मी म्हणलं, "पोचू, आपल्यापायी गाव चिखलात उभं आहे, अन् तू गोटे मांडून राह्यला!" तो म्हणे, "दोन घडीचं काम आहे, मास्तर." मी हिशेब केला, बारा जागी दीड-दीड मिनिट म्हणजे अठरा मिनिटं. मधात चौकाचौकात पोट्टे-पोट्टी वह्या घेऊन येत अन् माही सही मागत, त्यात काई वेळ गेला असन, ते मी धरत नाई. अन् नुसती सही करून चालते काय? माणूस कुठचा ते समजलं पायजे. मी दर वहीत पुरं लिहिलं, गुणवंतराव, मुक्काम मोहबोडी, पोस्ट सिंदेवाही, जिल्हा चांदा.

तीन वाजले. बाग नाई. सव्वातीन झाले. पोचू म्हणे, "मास्तर, कोनाले इचारा ना." मी म्हणलं, इचारायची गरज नाई, वही आहे. खरी गोष्ट सांगतो, आता लपवून काय करू. मले इचारायची लाज वाटे. तीस वर्षं मी लोकाईले सांगत आलो. पोस्टाचं पत्र असो, कोर्टाचा कागद असो, लोक इचारतात अन् मी सांगतो. मास्तर कोनाले इचारत नाई. अन् इचारणार तरी काय? त्या बागेचं नाव पासावर छापलं होतं अन् पास रुखमाबाईच्या पदराले. मी ते नाव तोंडानं घेऊन पाह्यलं होतं, तर जीभ मधातच अडकली होती.

साडेतीनले एका भिंतीपाशी आलो अन् पोचू थांबला. मी म्हणलं, "आता नको, पोचू. हात जोडतो."

"हे पाह्यलेलं आहे," तो म्हणे. "इथी मी ठेवला होता."

मी पाह्यलं. फुलाईजवळ त्यानं ठेवलेला इटेचा तुकडा तसाच होता. अन् त्याच्या बाजूले कोनीतरी दुसरा तुकडा ठेवला होता, त्याच्याच मापाचा. त्या रस्त्यावरून गेलेल्या कोन्यातरी माणसानं पाह्यलं असन अन् ठेवला असन.

"पाहा," पोचू म्हणे, "इथल्या लोकाईले समजते. तुमालेच समजत नाई. तुमी ठेवला नाई, म्हून चकवा लागला आपल्याले."

"पोलंडात चकवा नसते!" मी ओरडलो. एवढ्या जोरानं ओरडलो का समोरून एक म्हातारा जाऊन राह्यला होता, त्यानं माह्यासाठी टोपी काढली. मंग माही मलेच कीव आली. वीस मिनिटं. गुणाबाई वाकून वाकून पऱ्हे रोवत असन, तिची पाठ आधीच धरलेली. मी गावाले काय सांगू? का तुमी दहा दिवस वाकले अन् तिकडे मास्तराले बाग नाई सापडली? मी खाली वाकलो, इटेचा एक तुकडा उचलला, अन् ठेवला. मॅट्रिक पास माणसानं ठेवला. पोचूले काई म्हणावं लागू नये म्हणून लवकर लवकर ठेवला.

अन् वाकलो तवा तो दगड मी पहिल्यांदा नीट पाह्यला. अक्षरं मले वाचता येत नव्हती. पन आकडे सारीकडे आकडेच असतात. एकोणीसशे चव्वेचाळीस. महिना, तारीख. अन् खाली, शब्दांच्या मधात, एक आकडा आणखी होता. चौतीस.

ते कायचं चौतीस ते मले एकदम समजलं. बारा भिंती मी वही पाहत पुढं गेलो होतो. शाळेत पोट्ट्याईले लढाई शिकवली होती, सन शिकवले होते, तह शिकवले होते. मी पोचूले म्हणलं, "पोचू, दुकानाची पाटी नाई ते. इथी लोक मारले. या भिंतीपाशी उभे करून. चौतीस."

"चौतीस?" तो म्हणे. "एका वाघानं?"

"वाघानं नाई. माणसाईनं."

ढोल त्यानं सावकाश खाली ठेवला, भिंतीले टेकवून, अन् रस्त्यावरचे तुकडे येचायले लागला. मी म्हणलं, काय करून राह्यला? तो म्हणे, "मी एकच ठेवला होता, मास्तर. मले वाटलं एकच मानूस आहे."

चारले पंचवीस मिनिटं होती. बाग कुठी, पत्ता नाई. मी म्होरक्या होतो, मी त्याले ओढून न्यायले पायजे होतं. मी वही खिशात टाकली अन् दुसऱ्या बाजूनं येचायले लागलो. इटांची त्या शहरात कमी नव्हती. तो आणे, मी रांगेत मांडे, दहा-दहाच्या रांगा, जसे शाळेत पोट्टे उभे करतो. तीन रांगा झाल्या अन् चार उरले.

उठून पाह्यलं तर मागं एक बाई उभी. पन्नाशीची असन, अंगात निळा डगला, खांद्याले तिकिटाची कातडी पिशवी, म्हणजे ट्रामगाडीची कंडक्टर. हातात चार फुलं. तिनं रांगा पाह्यल्या, बोटानं मोजल्या, दहा, वीस, तीस, अन् चार. मंग तिनं खाली वाकून कडेचा एक तुकडा उचलला, मुठीत धरला, आपल्या छातीले लावला, अन् होता तिथीच ठेवला. फुलं ठेवली. चौतिसातला एक तिचा होता.

पोचू तिले म्हणे, "बाई, आमाले बागेत जायचं आहे." आपल्या बोलीत म्हणे. मी वही काढली. कोऱ्या पानावर तळं काढलं, तळ्यात मंच काढला, मंचावर ढोल काढला, अन् घड्याळावर चार वाजल्याची खूण केली. अन् मंग मी ते पान तिच्यापुढं धरलं अन् मान खाली घातली. इचारणं म्हणजे याच्याहून वेगळं काय असते? तीस वर्षांत पहिल्यांदा इचारलं.

तिनं चित्र पाह्यलं, घड्याळ पाह्यलं, अन् माह्या मनगटाले धरून असं ओढलं का वही पडता पडता राह्यली. दोन गल्ल्या पळालो. ढोल पोचूच्या पोटावर आदळून राह्यला होता अन् टण् टण् वाजून राह्यला होता. ट्रामगाडी आली, खचाखच भरलेली. तिचा कंडक्टर ढोल पाहून नाई म्हणला. मंग आमची बाई बोलली. काय बोलली ते समजलं नाई, पन आमच्या गावी गुणाबाई असंच बोलते, अन् तिच्यापुढंही लोक अशीच जागा करून देतात. तीन माणसं खाली उतरली, ढोल वर चढला.

बागेत पोचलो तवा चार वाजून बारा मिनिटं झाली होती.

पायऱ्यांवर हजार-दोन हजार लोक. दुसऱ्या कोन्या देशाचं पथक लाल-पिवळे झगे घालून काठावर तयार उभं. अन् मंचावर, तळ्याच्या मधोमध, रुखमाबाई मांडी घालून बसलेली, तिच्या मागं आमचे सहाही जण बसलेले. कार्यक्रम चालवणारा एक चष्मेवाला माणूस तिच्यापुढं हातवारे करून राह्यला होता अन् ती त्याच्याकडे पाहतही नव्हती. तिले उचलल्याशिवाय मंच मोकळा होणार नव्हता, अन् तिले उचलायची कोनाची छाती नव्हती. आमी आलो तशी ती उठली. पोचूले काई बोलली नाई, मले काई बोलली नाई. त्याची भीती जास्त वाटली.

चष्मेवाला माह्याकडे आला. त्याले इंग्रजी येत होतं. तो म्हणे, तुमची वेळ चार ते चार वीस. आता आठ मिनिटं राह्यली. आठ मिनिटात संपवा, पुढचं पथक थांबलं आहे. मी म्हणलं, हो साहेब. मले हो म्हणायची सवय आहे, इन्स्पेक्टर आला का मी हो म्हणतो. माह्या खिशात भाषण होतं, इंग्रजीतलं, बोटीत पाठ केलेलं, हिंदुस्थान अन् पोलंड या दोन देशांवर. ते मी खिशातच राहू दिलं.

पोचूनं पहिली थाप मारली. पाण्यावरून तो आवाज पल्याडच्या झाडाईपर्यंत गेला अन् परत आला. डांबराच्या इस्त्यावर शेकलेला ढोल होता तो. रुखमाबाईनं रेल्याचं गाणं धरलं. सहा जणाईनं हातात हात गुंफले अन् पाय टाकले. पायऱ्यांवरचे लोक टाळ्यांनी ठेका धरायले लागले. आमची कंडक्टरबाई खालच्या पायरीवर उभी होती, तिकिटाची पिशवी पोटाशी धरून. तिची पाळी सुरू झाली असन तर कोन्या गाडीत लोक बिनतिकिटाचे फिरले असतीन.

मी मंचाच्या कडेले घड्याळ धरून उभा होतो. आठ मिनिटं झाली. चष्मेवाल्यानं मले हात दाखवला. मी पाह्यलं नाई. नऊ झाली. तो जवळ आला अन् माह्या कानात म्हणे, साहेब, वेळ संपला. दहा झाली. त्यानं माहा खांदा हालवला. आयुष्यात मी कोन्या साहेबाचा शब्द मोडला नाई. शाळेची घंटा कधी एक मिनिट मागंपुढं केली नाई. पन माह्या डोळ्यापुढं आमच्या बांध्या होत्या, पाणी भरलेल्या, अन् त्यात वाकलेल्या बायांची रांग, अन् ती रांग आठ मिनिटं वाकून उठून गेली नव्हती. मी म्हणलं, "साहेब, तुमी हालवत राहा." मराठीत म्हणलं. लाल-पिवळ्या झग्याचं पथक काठावर उभं होतं, ते आता जाग्यावरच नाचून राह्यलं होतं, त्यातल्या दोन पोट्ट्या पाण्यावर टाकलेल्या फळीवरून पळत आल्या अन् रुखमाबाईच्या हातात हात घालून रांगेत घुसल्या.

पंधरा झाली. सतरा झाली. चष्मेवाला दमून माह्या बाजूले उभा राह्यला अन् तोही माह्या घड्याळात पाहायले लागला. पोचूचे डोळे मिटलेले, घाम गळून राह्यला होता. एकोणीस झाली. तवा कोनीही थांबवलं असतं तरी चाललं असतं, एका मिनिटानं काय होते.

वीस पुरी झाली, अन् तवा मी हात वर केला.